औषधोपचाराच्या रकान्यात लिहिलेलं ‘नाही’

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि निसर्गवैभव मंडळाचे संस्थापक माननीय गुणवंतराव बोरकुटे साहेब, व्यासपीठावरचे सरपंच आणि पंचायत समितीचे सन्माननीय सदस्य, माझे वरिष्ठ, माझे सहकारी, शाळेचे मुख्याध्यापक आणि गुरुजन, मघापासून गोड आवाजात सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या उर्वशीताई, आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या येरमटोल्याच्या माझ्या बायांनो आणि भावांनो, तुम्हां सर्वांना माझा सविनय जयभीम आणि जोहार.

मी सत्यशीला खोब्रागडे. गेल्या रविवारपर्यंत इथल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. आज माझा निरोप समारंभ आहे, आणि सप्टेंबरचा पहिला शनिवार असल्याने आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिनही आहे. मंडप एकदाच घालावा लागतो, म्हणून दोन्ही एकत्र ठेवले. चांगलं केलं. मलाही दोन्हींविषयी एकदमच बोलायचं होतं.

माझ्याविषयी आत्तापर्यंत सहा जण बोलले. कुणी मला गिधाडांची माय म्हणालं, कुणी जंगलाची लेक म्हणालं. ऐकताना मी खाली मान घालून बसले होते. तुम्हाला वाटलं असेल, बाई लाजल्या. मी लाजले नव्हते. मला ओकारी येत होती. गैरसमज नको, स्वयंपाक उत्तम आहे, वास छान येतो आहे. ओकारी माझी मलाच येत होती. कशी, ते सांगते. थोडा वेळ द्या.

चौदा वर्षांपूर्वी माझी इथे बदली झाली, तेव्हा आमच्या खात्यातल्या साहेबांनी सांगितलं की तुमच्याकडे गिधाड उपाहारगृहाचंही काम आहे. मला हसू आलं. उपाहारगृह म्हणजे काय, तर पहाडीच्या पायथ्याशी तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा. आसपासच्या गावांत ढोर मेलं की ते तिथे नेऊन टाकायचं, म्हणजे गिधाडांना खायला मिळतं. पण आधी तपासायचं. त्या ढोराला दुखण्याची सुई, ती डायक्लोफिनॅकची, लावली होती का? कारण त्या सुईने ढोराला बरं वाटतं, पण ते ढोर दोन-चार दिवसांत मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर गिधाडाची किडनी जाते. या एका सुईने आपल्या आभाळातली गिधाडं संपवली. जनावरांसाठी तिच्यावर बंदी येऊन किती वर्षं झाली! तरी ती मिळते. मोटारसायकलवर पिशवी लटकवून फिरणारे आणि स्वतःला डॉक्टर म्हणवणारे लोक ती लावतात. म्हणून तपासणी आणि तपासणीचा फॉर्म. त्या फॉर्मवर सही माझी. सुई लावलेली असेल तर ढोर पुरायचं, उपाहारगृहात न्यायचं नाही. एवढंच माझं काम होतं.

हे काम मिळालं म्हणून मी वडिलांना सांगितलं, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. माझ्या आजोबांच्या मानेवर गावाची मेलेली ढोरं ओढण्याचं काम लादलेलं होतं. बाबासाहेबांचा शब्द वस्तीत पोचला आणि आजोबांनी ते एका दिवसात सोडलं. गावाने पाणी बंद केलं, तरी सोडलं ते सोडलंच. आणि शिकून-सवरून नात पुन्हा मेलेल्या ढोराजवळ? मी समजावलं की बाबा, मला ओढायचं नाही, तपासायचं आहे. ते म्हणाले, “तपासाचं काम असन तं नीट तपास.”

ढोर न्यायचं काम डोमा कोवे यांचं. इथल्या प्रत्येकाला डोमाभाऊ माहीत आहेत, पण बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. त्यांची स्वतःची दोन एकर धानाची बांधी आहे. सरकारी भाषेत ते ‘गिधाडमित्र’ होते. फोन आला की स्वतःची बैलगाडी जुंपायची, ढोर चढवायचं, कुंपणात नेऊन टाकायचं, आणि मग दूर येनाच्या झाडाखाली बसून किती गिधाडं उतरली ते मोजायचं. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावून उभी होते. ते मात्र साध्या चेहऱ्याने काम करत होते. मी विचारलं, “भाऊ, तुम्हाला वास नाही येत?”

“येते ना बाई. वास तं येनारच. आता तेच्यासाठी काय नाक कापून ठेवू?”

मी म्हटलं, हे काम तुम्हाला कुणी लावलं? माझ्या मनात आजोबा होते. ते म्हणाले, “मले कोनी लावलं नाई. मीच लागलो. माही माय सांगे, पयले ढोर मेलं का आभाळ काळं होऊन जाय गिधाडाईनं. दुपारपर्यंत नुसती हाडं उरत. आता ढोर मेलं का कुत्रे येतेत, अन मंग तेच कुत्रे लेकराईले चावतेत. गिधाड कोनाले चावलं, सांगा बरं?”

त्या दिवशी मी पदर नाकावरून काढला. माझ्या आजोबांवर जबरदस्ती होती, या माणसाने ते काम स्वतःहून उचललं होतं. या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

मी आले तेव्हा अकरा गिधाडं होती. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये डोमाभाऊंनी सत्तेचाळीस मोजली. सत्तेचाळीस! ते मला सांगायला सायकलवर नऊ किलोमीटर आले. फोन होता त्यांच्याजवळ. पण म्हणाले, “फोनवर सांगन्यासारखी गोष्ट नोहे.” मी चहा केला, त्यांनी दोन कप घेतला. तेहतीस वर्षांच्या नोकरीतला तो माझा सगळ्यांत चांगला दिवस होता. आणि खरं सांगायचं तर वाईट काळ तिथूनच सुरू झाला. कारण सत्तेचाळीसची बातमी छापून आली आणि ठरलं की त्या वर्षीचा गिधाड जागृती दिन मोठा करायचा.

उर्वशीताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘वेळ’ एवढंच लिहिलं आहे. ताई, मी तुमचा मान राखते, पण आज चिठ्ठी बाजूला ठेवते. मला माईकसमोर तेहतीस वर्षांत चारदा उभं केलंय, तेही सत्काराचे हार देण्यासाठी.

तर दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस. नागपूरहून पाहुणे येणार होते, वाहिनीचे कॅमेरे येणार होते. आयोजन निसर्गवैभव मंडळाचं. सगळं ठरलं. मंडप, कमान, मुलांच्या तोंडाला गिधाडाचे मुखवटे, घोषणा. एकच गोष्ट नव्हती. मेलेलं ढोर. ढोर नाही तर गिधाडं उतरणार नाहीत आणि पाहुण्यांना काय दाखवणार? आठ दिवस मला रोज सकाळी फोन. “मॅडम, कुठे काही मेलं का?” कुणाच्या गोठ्यातलं जनावर मरावं म्हणून आपण वाट पाहतोय, याची कुणालाच लाज नव्हती. एकाने तर विचारलं, “म्हातारं एखादं पाहून ठेवलं तर?” निसर्गप्रेमी माणूस, बरं का. अंगावर हिरवा बिल्ला.

शुक्रवारी दुपारी हेमराज भोयर यांचा बैल मेला. नाल्याच्या चिखलात घसरून त्याचा मागचा पाय सुजला होता, पाच दिवस तो उठला नव्हता. मी गेले. हेमराज भिंतीला टेकून बसले होते. बोलण्याच्या स्थितीत नव्हते, बैल नऊ वर्षं त्यांच्या घरी होता. मी त्यांच्या पत्नीला, चंदाबाईंना विचारलं, “काही औषध केलं होतं का?”

“केलं ना बाई. चार दिस सुई लावली तेनं. तो गाडीवाला डॉक्टर येते नाई का, तो.” त्या आत गेल्या आणि ओंजळीत चार रिकाम्या शिशा घेऊन आल्या. सोबत खोकंही होतं. मी नाव वाचलं. तीच सुई.

मी म्हटलं, बैल पुरावा लागेल. खड्डा खणायला माणसं बोलवा. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि...

अध्यक्ष महोदय, आपण उतरलात. आपण आज माझ्या उजव्या हाताला बसला आहात, म्हणून आपलं नाव टाळून बोलणं मला जमणार नाही. आपण बैलाकडे पाहिलंत, हात जोडलेत. मग मला अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन म्हणालात, “मॅडम, देवाने लाज राखली.” मी शिशा दाखवल्या. आपण म्हणालात, “सुई लावताना आपण पाहिलं का? नाही ना? मग आपल्याला काय माहीत?” मी तसं लिहिणार नाही म्हटलं. तेव्हा आपण फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडे कोण होतं ते मी इथे सांगत नाही, जिथे लिहून द्यायचं तिथे दिलं आहे. तो आवाज म्हणाला, “फॉर्म भरून टाका बाई. एका दिवसाचा प्रश्न आहे. तुमच्या निवृत्तीला दोनच वर्षं आहेत ना?”

कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. कुणी मला शिवी दिली नव्हती. फक्त निवृत्तीला किती वर्षं राहिली ते विचारलं. आणि मी पिशवीतून फॉर्म काढला, बैलाच्या शेजारी बाजेवर बसले, आणि औषधोपचाराच्या रकान्यात लिहिलं, ‘नाही’. खाली सही केली. चंदाबाई समोरच उभ्या होत्या. शिशा अजून त्यांच्या ओंजळीतच होत्या. त्या बघत राहिल्या.

डोमाभाऊ गाडी घेऊन आले होते. त्यांना अक्षर येत नाही, पण चंदाबाईंची ओंजळ त्यांना दिसली. मला म्हणाले, “बाई, सुई लावली हाय ना याले?”

मी म्हटलं, “फॉर्म भरला आहे भाऊ. तुम्ही न्या.”

“तुमी लिवलं तं लिवलं. मी नाई नेत.” त्यांनी बैलांचे कासरे ओढले आणि रिकामी गाडी वळवून निघून गेले. मग ट्रॅक्टर आला आणि त्यातून बैल कुंपणात गेला.

दुसऱ्या दिवशीचा सोहळा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला आहे. साउंड सिस्टिमचा आवाज एवढा, की साडेदहापर्यंत एक पाखरू खाली उतरलं नाही. कुणीतरी आवाज बंद करायला लावला. मग गिधाडं आली. एकतीस. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून फोटो काढले. वास येतो म्हणून एका कार्यकर्त्याने हवेत सुगंधी फवारा मारला. गिधाडांच्या जेवणावर सुगंधी फवारा! जेवणानंतर थर्माकोलच्या ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या कुंपणातच पडल्या. मी त्या सोमवारपर्यंत वेचत होते. लोक मला विचारतात, इतकी वर्षं सडलेल्या मांसाजवळ उभं राहून किळस येत नाही का? नाही हो. सडलेलं मांस खरं असतं. ते जे आहे तेच असतं. मला किळस त्या मंडपाची आली, हिरव्या फेट्यांची आली, आणि तिथे पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या सत्यशीला खोब्रागडेची आली. हो, मी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी डोमाभाऊ दवाखान्याच्या दारात आले. आत आले नाहीत. “बाई, मानी टाकल्या,” एवढंच म्हणाले.

नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडांवर गिधाडं बसली होती, माना खाली लोंबत होत्या. ती झोपेत असतात तशी नव्हती. आमच्यादेखत एक खाली पडलं. पुढच्या चार दिवसांत नऊ गेली. शवविच्छेदनाला डॉक्टरांसोबत मी होते. पोट उघडलं तर काळजावर, यकृतावर पांढरा थर, भिंतीला चुना मारावा तसा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरी धुवायला बाहेर गेले.

अहवालात काय लिहिलं गेलं, माहीत आहे? माझ्या सहीच्या फॉर्मचा त्यात उल्लेखच नव्हता. ‘तपासणी न केलेले जनावर स्थानिक गिधाडमित्राने परस्पर टाकल्याने विषबाधा.’ म्हणजे डोमाभाऊंनी! ज्याने गाडी वळवून नेली, त्याच्यावर. त्यांचं नाव यादीतून कापलं, ओळखपत्र काढून घेतलं. गावातली लहान पोरंसोरं त्यांना ‘गिधाड मारनारा’ म्हणू लागली. ग्रामसभेत ते उठले. याच आवारात, तिथे, त्या खांबाजवळ. म्हणाले, “माहा दोष काय हाय, थे कोनी सांगा.” मी व्यासपीठावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी समोरचे कागद चाळू लागले. ते कागद लसीकरणाचे होते. त्यात चाळण्यासारखं काहीच नव्हतं.

दोन वर्षं मी गप्प होते. वडील आता सत्त्याऐंशीचे आहेत. या आखाडात त्यांनी विचारलं, “त्या डोमाचं नाव कोनं कापलं?” मी म्हटलं, “मी नाही कापलं, बाबा.” ते म्हणाले, “मंग तू कुठी होती?” मी म्हटलं, “तिथंच होते.” त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ढोरं ओढायचं सोडलेल्या माणसाचा तो मुलगा. त्याला लेकीच्या हाताचा असा वास येईल, असं त्याला कधी वाटलं नसेल.

मग मी डोमाभाऊंच्या घरी गेले. ते निंदण करत होते. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. चिखलाचे हात धुतले आणि म्हणाले, “माह्याजवळ सांगून काय होते बाई? मले तं मालूमच हाय. जिथी माहं नाव कापलं, तिथी सांगा. जिथी लोकं बसले होते, तिथी सांगा.”

परवा मी जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी निवेदन दिलं. माझ्या फॉर्मची प्रत जोडली, शवविच्छेदनाच्या टिपणाची प्रत जोडली. एकटीचं निवेदन असतं तर कदाचित कुणी म्हणालं असतं, जाता जाता बाईचं डोकं फिरलं. पण चंदाबाईंनी ते औषधाचं खोकं आणि शिशा गोठ्याच्या आढ्यात जपून ठेवल्या होत्या. मी विचारलं, काऊन ठेवल्या? म्हणाल्या, “तुमी कधीतरी मांगान म्हनून.” त्यांनी निवेदनावर सही केली आहे. हेमराजभाऊंनीही केली आहे. दोघं इथे बसले आहेत. घाबरू नका चंदाबाई, कुणी मागे वळून पाहिलं तर पाहू द्या.

माझ्यावर चौकशी बसेल. बसू द्या. निवृत्तीनंतर काय काय अडकतं, ते मला ठाऊक आहे.

डोमाभाऊंना मी आज बोलावलं होतं. म्हणाले, “मंडपात नाई येत. तिथल्या जेवनाच्या वासानं माहं डोकं दुखते.” ते आत्ता पहाडीखाली असतील. नाव यादीत नसलं तरी दोन वर्षं ते रोज जातात. काल त्यांनी एकोणीस मोजली. सत्तेचाळीसची एकोणीस. नऊ मेली, बाकीची कुठे गेली ते त्यांनाही माहीत नाही.

आता मंडळाच्या वतीने मला शाल, श्रीफळ आणि ‘गिधाड संवर्धन सेवा गौरव’ असं लिहिलेलं मानचिन्ह दिलं जाणार आहे. अध्यक्ष महोदय, आपण तसदी घेऊ नका. मी ते घेणार नाही. डोमाभाऊंना नेऊन द्या असंही मी म्हणत नाही, कारण आपल्या हातून ते घेणार नाहीत आणि मी त्यांचा आणखी अपमान होऊ देणार नाही. त्यांना फक्त त्यांचं ओळखपत्र परत हवं आहे, आणि याच गावासमोर एक वाक्य, की दोष त्यांचा नव्हता. ते वाक्य मी आत्ता बोलते, ओळखपत्राची सोय कार्यालयाने करावी.

डोमा कोवे यांचा दोष नव्हता. दोष माझा होता, आणि ज्यांच्या सांगण्यावरून मी सही केली त्यांचा होता.

चौदा वर्षं तुम्ही मला घरातलं मानलंत, गोठ्यात बोलावलंत, रात्रीबेरात्री अडलेल्या गाईजवळ कंदील धरून उभे राहिलात, त्याचे आभार. मंडप घालणाऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या बायांचे आभार. उर्वशीताई, तुमच्या चिठ्ठीचा मान राखला नाही, राग धरू नका. बोलण्यात माझा शब्द कुठे उणाअधिक गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. लिहिण्यात जे झालं, ते मात्र पदरात घेऊ नका.

जयभीम. सेवा जोहार.